शिदोरी किती दिवसांची?

गेल्या महिन्यात ह्या सदरासाठी एका इंग्रजी लेखाचे मराठी करावयास मी बसलो होतो. लेख होता परदेशातील एका तरुण उद्योग-संस्थापकाच्या दिनचर्येविषयी. हे गृहस्थ पहाटे साडेचारला उठतात, थंडगार पाण्याने स्नान करतात, वीस मिनिटे ध्यानस्थ बसतात, त्यानंतर तासभर धावतात. आणि आपण दूधवाल्याची वाट पाहत असतो त्या सुमारास त्यांचे दिवसातले महत्त्वाचे काम आटोपलेले असते. अशा लेखांची सध्या सुगी आहे. महिन्यातून दोन तरी माझ्या टेबलावर येतात आणि भाषांतरकाराचा धर्म म्हणून मी ते मुकाट्याने मराठीत आणतो. ह्या वेळी मात्र दुसऱ्या पानावर लेखणी थबकली. शब्द अडला होता म्हणून नव्हे. त्याच सकाळी बंगळूरहून माझ्या आत्याचा फोन आला होता आणि ती म्हणाली होती, "बाळ, तुझी एक सही हवी आहे रे."

आत्याचा मुलगा, म्हणजे माझा धाकटा आतेभाऊ, एकतीस वर्षांचा आहे. घराणे मूळचे बेळगावचे. शिक्षणाने इंजिनिअर, एका मोठ्या कंपनीतील चांगल्या पगाराची नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी त्याने स्वतःचा उद्योग काढला. आजच्या भाषेत 'स्टार्टअप'. केंद्र सरकारने १६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' ही योजना सुरू केल्यापासून हा शब्द आपल्या घरांतून इतका रुळला आहे की त्याला मराठी प्रतिशब्द सुचविण्याचा माझा उत्साह आता मावळला आहे. त्या उद्योगाला बँक पंधरा लाखांचे कर्ज द्यावयास तयार होती. परंतु दरमहा ठराविक पगार घेणारा एक जामीनदार हवा होता. आमच्या साऱ्या गोतावळ्यात त्या वर्णनात बसणारा आणि नकार देण्यास संकोचणारा असा मनुष्य एकच होता, आणि तो हे सदर लिहितो.

जामिनाचा प्रश्न निघाला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे दिसतात. एक, भिडेखातर कागद न वाचता सही करणारी. दुसरी, नेमक्या त्याच दिवशी परगावी जाणारी. मी परगावी गेलो हे खरे, पण थेट बंगळूरलाच. आठवड्याची रजा काढली, दोन रात्री गाडीत काढल्या आणि तीन दिवस आतेभावाच्या घरी मुक्काम केला. ज्याच्या उद्योगासाठी माझ्या पुढच्या कित्येक वर्षांचा पगार तारण ठेवावयाचा, त्याचा एक दिवस तरी डोळ्यांनी पाहावा, एवढाच विचार त्यामागे होता.

पहिल्या दिवशी पहाटे पाचला मला जाग आली ती त्याच्या बोलण्याने. ध्यान नव्हते, थंड पाणीही नव्हते. अंगावर शाल घेऊन तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होता आणि फोनवर कोलार जिल्ह्यातील कुणा दूध-संकलन केंद्राच्या देखरेख्याशी कन्नडमध्ये बोलत होता. ह्या मुलाचा दिवस घड्याळाने सुरू होत नाही. तो गायी-म्हशींच्या धारेने सुरू होतो, हे मला तेव्हा कळले.

त्याचा उद्योग थोडक्यात सांगावयास हवा. धार काढली की दुधाचे तापमान गायीच्या अंगाच्या उष्णतेइतकेच, म्हणजे ३७-३८ अंश सेल्सियस असते. त्या उबेत जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून खेड्यातील केंद्रावर दूध जमा झाले की ते पोलादी शीतटाकीत ओतून ४ अंशांपर्यंत खाली आणावे लागते. टाकी विजेवर चालते. वीज गेली, जनित्र वेळेवर सुरू झाले नाही, किंवा यंत्रातील वायू गळला, तर तासाभराने काय घडते ते दुपारी टँकर डेअरीच्या फाटकाशी पोहोचल्यावर कळते. आणि तेव्हा करण्यासारखे काही उरलेले नसते. आतेभावाने डब्याएवढे एक उपकरण बनविले आहे. ते टाकीचे तापमान दर काही मिनिटांनी मोजते, आणि पारा चढू लागला की आतल्या सिमकार्डावरून केंद्राच्या माणसाला व डेअरीच्या अधिकाऱ्याला संदेश धाडते. हजार लिटरांची एक टाकी नासली तर लिटरला पस्तीस रुपये धरले तरी पस्तीस हजारांचा फटका. उपकरणाची किंमत त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक. हिशेब कुणालाही पटावा असा आहे.

पण पहाटेच्या फोनचे कारण निराळेच होते. एका केंद्रावरून रात्रभर संदेश आला नव्हता. उपकरण बिघडले की नेटवर्क गेले की कुणी मोबाइल चार्ज करण्यासाठी त्याची पिन काढून ठेवली? तिसरा तर्क खरा निघाला. "दादा, दहांतल्या सहा तक्रारी पिनेच्याच असतात," तो म्हणाला. त्यावर त्याने काढलेला तोडगा असा, की नव्या उपकरणाला मोबाइल चार्ज करण्याची एक खाच त्याने स्वतःच देऊन टाकली आहे! मला ह्या एका गोष्टीवरून त्याच्या बुद्धीविषयी जो आदर वाटला तो त्याच्या पदवीवरून कधी वाटला नव्हता.

सहा ते साडेआठ हा संकलनाचा वेळ. त्या अवधीत त्याने सतरा फोन घेतले. मी चहा पिता पिता मोजले. नऊ वाजता आम्ही एच.एस.आर. लेआउटमधील त्याच्या कार्यालयात होतो. कार्यालय म्हणजे एका फर्निचरच्या दुकानावरील दोन खोल्या आणि बारा माणसे. सारे जण पंधरा मिनिटे उभ्याउभ्याच बोलतात : काल काय झाले, आज काय करणार, कुठे अडले. उभे राहण्याचे कारण तत्त्वज्ञानाचे असावे अशी माझी समजूत होती. खुर्च्या आठच आहेत.

त्यानंतर दहा ते एक दार बंद. ह्या तीन तासांत फोन दुसऱ्याच्या हाती, आणि आतेभाऊ एकटा उपकरणाच्या अंतर्गत कार्यक्रमावर, म्हणजे त्याला दिलेल्या संगणकीय सूचनांवर, काम करतो. ह्या नियमाचा मूळ पुरुष कोण असे विचारता त्याने पॉल ग्रॅहॅम ह्या अमेरिकन गृहस्थांचे नाव घेतले. ग्रॅहॅम ह्यांनी २००९ साली एक छोटा निबंध लिहिला होता. त्याचा आशय असा की व्यवस्थापकाचा दिवस तासातासाच्या तुकड्यांत विभागलेला असतो. एक भेट संपली की दुसरी. उलट जो काही घडवितो, मग तो लेखक असो की संगणकाचा कारागीर, त्याला किमान अर्धा दिवस सलग हवा असतो. दुपारी तीनला ठेवलेली एक अर्ध्या तासाची भेट त्याची सबंध दुपार निकामी करते. आपल्या गृहिणींना ह्यात नवीन काही वाटणार नाही. पुरणाचा घाट घातलेला असताना दारावरची घंटा वाजली म्हणजे काय होते, हे त्या जाणतात. परंतु संस्थापकाची अडचण अशी की तो एकाच वेळी दोन्ही असतो. ग्रॅहॅम स्वतः १९९५ साली आपली कंपनी काढून बसले तेव्हा रात्रीच्या जेवणानंतर पहाटे तीनपर्यंत संगणकाचे काम करीत, अकरापर्यंत झोपत, आणि मग पुन्हा रात्रीच्या जेवणापर्यंत कचेरीचा व्यवहार पाहत. म्हणजे चोवीस तासांत दोन कामाचे दिवस! तेथे पहाटे पाचला कोलारहून फोन येत नसे, हे आतेभावाने मला आवर्जून सांगितले.

दुपारविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. सुटे भाग पुरविणारा, नोकरीसाठी आलेली दोन मुले, मुंबईचे एक गुंतवणूकदार, ज्यांनी पाऊण तास बोलून "पुढच्या तिमाहीत पाहू" असे सांगितले. माझ्या मनात भरले ते एवढेच, की हाच प्रसन्न चेहरा आणि हीच वाक्ये तो दिवसातून चारदा नव्याने काढीत होता. अधूनमधून तो फळ्यावरील एका आकड्याकडे पाही. फळ्याच्या कोपऱ्यात लाल खडूने '५' लिहिलेले होते.

ह्या आकड्याला त्यांच्या परिभाषेत 'रनवे' म्हणतात; विमानाची धावपट्टी. बँकेत असलेली रोकड भागिले दरमहाचा निव्वळ खर्च. आतेभावाकडे तीस लाख होते, महिन्याचा खर्च विक्रीची वसुली वजा जाता सहा लाख, म्हणून पाच. धावपट्टी संपण्याआधी विमान उडाले पाहिजे, असा तो रूपकाचा भाव. मला हे रूपक आपल्याकडे उपरे वाटते. पायी प्रवासाला निघालेल्या माणसाची शिदोरी किती दिवस पुरेल, हाच प्रश्न आपले लोक शतकानुशतके विचारीत आले. तसेच, कुणाचे भांडवल न घेता स्वतःच्या पैशांनी उद्योग रेटण्याला इंग्रजीत 'बूटस्ट्रॅपिंग' असा भारदस्त शब्द आहे. आपण त्यास पदरमोड म्हणतो. आतेभावाला हे दोन्ही शब्द मी सांगितले. त्याने फळ्यावरील पाचाच्या आकड्याखाली 'शिदोरी' असे लिहिले आणि कार्यालयातील कन्नड, तमिळ मुलांना त्याचा अर्थ समजावून सांगितला. भाषांतरकाराच्या नशिबी असे क्षण थोडे असतात.

आता वाचकहो, उद्योजकाच्या दिवसाचे वर्णन करणारे लेख एक गोष्ट नेहमी वगळतात. ती म्हणजे महिना. दिवस आपल्या मर्जीने आखता येतो. महिना सरकार आखते. नोकरांच्या पगारातून व इतर देण्यांतून कापलेला आयकर पुढील महिन्याच्या ७ तारखेस भरावयाचा. वस्तू व सेवा कराचे मासिक विवरण ज्यांनी स्वीकारले आहे त्यांनी विक्रीचा तपशील ११ तारखेस द्यावयाचा आणि करासह विवरण २० तारखेस. माणसे वीसवर गेली की भविष्य निर्वाह निधीची १५ तारीख. शिवाय जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च ह्यांच्या १५ तारखांस आगाऊ आयकर, नफा असेल तर. तो योग अजून आलेला नाही. आणि ह्या सर्वांहून कडक तारीख म्हणजे पगाराची, कारण तिला विलंब-शुल्क भरून सुटता येत नाही. ह्या तारखांना माझा विरोध नाही. करावाचून रस्ते होत नाहीत, आणि कोलारच्या रस्त्यानेच दुधाचा टँकर येतो. तथापि पंचांगाइतक्याच निष्ठेने हे दुसरे पंचांग भिंतीवर लावल्याशिवाय कुणी उद्योग काढू नये, एवढे खरे.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पगार व्हावयास आठ दिवस असताना, मला कर्जाचे खरे कारण कळले. रात्रीचे साडेदहा वाजले होते. आत्या व वहिनी निजावयास गेल्या होत्या. आतेभाऊ जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन हिशेबास बसला. हे त्याचे रोजचे शेवटचे काम. म्हणून मीही शेजारी बसलो. खर्चाचा आकडा अवाजवी नव्हता. तो स्वतः कंपनीकडून घेतो तो पगार तर त्याच्या सर्वांत नव्या मुलीपेक्षाही कमी. मग पंधरा लाख कशासाठी? बराच वेळ त्याने मान वर केली नाही. मग एक बिल दाखविले. एका मोठ्या डेअरीला त्याने उपकरणे पुरविली होती. मालाची किंमत दहा लाख, त्यावर १८ टक्के कर एक लाख ऐंशी हजार, एकूण अकरा लाख ऐंशी हजार. बिल देऊन चार महिने उलटले होते. एक छदामही आला नव्हता.

आणि कर? तो तर बिल दिलेल्या महिन्याच्या पुढील २० तारखेसच भरला होता. वस्तूंच्या विक्रीवरील हा कर पैसे हाती येण्याची वाट पाहत नाही. बिल झाले की देणे लागते. कच्च्या मालावर आधी भरलेल्या कराची वजावट मिळाली, तरी उरलेली रक्कम त्याने पदरची घातली होती. म्हणजे त्या बड्या डेअरीचे चार महिन्यांचे उधार हा बारा माणसांचा उद्योग पोसत होता, आणि आता त्या उधारीचे व्याज भरण्यासाठी बँकेचे कर्ज, आणि त्या कर्जासाठी माझी सही.

"तू मागितलेस का?" मी विचारले.

"मागतो ना दादा. दर सोमवारी फोन करतो. 'साहेब दौऱ्यावर आहेत' म्हणतात. जास्त ताणलं तर पुढची ऑर्डर जाईल."

हा प्रसंग त्या एकट्याचा नाही, म्हणून वाचकांसाठी कायद्याची बाजू येथे सांगतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ असे सांगतो की नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने कराराने ठरलेल्या मुदतीत पैसे चुकते केले पाहिजेत, आणि ती मुदत कागदावर काहीही लिहिले तरी ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. विलंब झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक-दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. तक्रारीसाठी राज्याराज्यांत सुविधा परिषदा आहेत आणि २०१७ साली 'समाधान' नावाच्या संकेतस्थळावर घरबसल्या अर्ज करण्याची सोय झाली. त्यात १ एप्रिल २०२४ पासून आयकराची एक तरतूद लागू झाली : अशा उद्योगाचे पैसे मुदतीत न दिल्यास ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला आपला खर्च म्हणून दाखविता येत नाही. आणखी एक खोच वस्तू व सेवा कराच्या कायद्यात आहे. खरेदीदाराने बिलावरील कराची वजावट घेतली आणि १८० दिवसांत विक्रेत्याला पैसे दिले नाहीत, तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. आतेभावाच्या बिलाला तेव्हा एकशे बावीस दिवस झाले होते.

त्याची 'उद्यम' नोंदणी होती. कायदाही त्याला ठाऊक होता. तो वापरावयाचा धीर मात्र नव्हता. आणि खरे सांगावयाचे तर, पहिल्याच मोठ्या गिऱ्हाइकापुढे कायद्याचे पुस्तक उघडावयास मलाही झाला नसता. कायदा दुबळ्याच्या बाजूचा असला तरी उद्याची ऑर्डर बलवानाच्याच हातात असते. ही गाठ दिल्लीत बसून पुरतेपणी कळत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बँकेचा कागद वाचला. जामिनाविषयी भारतीय करार अधिनियम, १८७२ ह्याचे १२८ वे कलम जेमतेम दोन ओळींचे आहे : करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. आपल्याकडे समज असा की बँक आधी कर्जदाराची मालमत्ता विकेल, त्यातून भागले नाही तर मग जामीनदाराकडे वळेल. तसे नाही. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहारच्या प्रकरणात स्पष्ट केले की धनकोने आधी ऋणकोचे सारे उपाय संपवावेत असा आग्रह जामीनदाराला धरता येत नाही. बँक पहिल्याच दिवशी त्याच्या दारी येऊ शकते. माझ्यापुढील कागदात तर रकमेची मर्यादाही नव्हती. आजचे पंधरा लाख आणि पुढे कंपनी जे जे उचलील ते सर्व, अशी ती अखंड चालणारी हमी होती. असा जामीन पुढील व्यवहारांपुरता नोटीस देऊन मागे घेता येतो, झालेल्या व्यवहारांपुरता नाही.

मी वाचत असता वहिनी चहा घेऊन आली. ती एका शाळेत गणित शिकविते. घराचे भाडे, किराणा, आत्याची औषधे तिच्याच पगारातून होतात. भारतीय उद्योगाच्या इतिहासात ह्या पगारांची नोंद फार क्वचित झाली आहे. १९८१ साली पुण्यात सात जणांनी इन्फोसिस काढली तेव्हा लागलेले दहा हजार रुपये सुधा मूर्ती ह्यांच्या साठवणीतले होते, हे आपणांस ठाऊक आहे, कारण ती कंपनी मोठी झाली. जे उद्योग मोठे झाले नाहीत त्यांच्या मागच्या पगारांचे काय झाले, हे कोण लिहिणार?

तिने कागदाकडे पाहिले. "हे कसलं, भाऊजी?"

मी सांगितले. कंपनी 'प्रायव्हेट लिमिटेड' असल्यामुळे काही झाले तरी देणे कंपनीपुरते राहील, घरावर येणार नाही, असे तिला वाटत होते. लग्नापूर्वी तिला तसे सांगितलेही होते आणि ते खोटे नव्हते. 'मर्यादित' ह्या शब्दाचा अर्थच तो : भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागापुरती. परंतु संचालकाने स्वतःच्या नावाने हमी लिहून दिली की त्या कुंपणाला फाटक पडते. कागदांच्या त्याच फाइलमध्ये गेल्या वर्षीच्या ओव्हरड्राफ्टसाठी आतेभावाने दिलेली अशी एक हमी होती. ती मला दिसली, आणि तिलाही.

ती रागावली नाही. "माझ्या पगारावर घर चालतं ह्याचं मला कधी काही वाटलं नाही," ती म्हणाली. "पण हे मला तुमच्याकडून कळावं?" आणि डबा भरावयास आत गेली. तिची शाळेची वेळ झाली होती.

हार्वर्ड बिझिनेस स्कूलच्या मायकेल पोर्टर व नितीन नोहरिया ह्या प्राध्यापकांनी मोठ्या कंपन्यांच्या सत्तावीस प्रमुखांच्या दिवसांची प्रत्येकी तीन महिने पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद ठेवविली आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कामाच्या दिवशी सरासरी ९.७ तास काम, त्यातील ७२ टक्के वेळ बैठकांत, झोप रात्री ६.९ तास. आतेभाऊ पाच तास झोपतो. पण झोपेच्या तासांपेक्षा मला दुसऱ्याच नोंदीची उणीव भासली. घरी काय सांगावयाचे नाही, हे ठरविण्यात माणसाचा किती वेळ जातो? त्या तीन दिवसांत मी पाहिले ते असे, की पहाटेच्या सतरा फोनांनी हा मुलगा थकत नव्हता. रात्री साडेदहानंतर हिशेबाचा पडदा कुणी मागून पाहू नये म्हणून भिंतीला पाठ लावून बसण्याने थकत होता.

दुपारी ते दोघे गच्चीवर बराच वेळ बोलले. काय बोलले ते मला ठाऊक नाही आणि ते ह्या सदराचे कामही नव्हे. आत्या मात्र माझ्याजवळ येऊन बसली. "लक्ष्मणराव किर्लोस्करांनी काय कमी सोसलं?" ती म्हणाली. बेळगावच्या माणसाजवळ हा दाखला नेहमी तयार असतो. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान, पुढे लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते ह्या समजापायी शेतकरी तो हाती धरीनात. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी. सारे खरे आहे. पण त्या नांगरांना कुणी माझ्यासारख्या पगारदाराने अमर्याद जामीन दिला होता की नाही, हे मी आत्याला विचारले नाही. मी एवढेच म्हणालो, "आत्या, ह्या कागदावर मी सही करणार नाही. त्याचे पैसे आधी मागू."

ती काही बोलली नाही. वाटाणे सोलीत राहिली.

संध्याकाळी आतेभाऊ आणि मी पत्र लिहावयास बसलो. पत्र लिहिणे हा माझा व्यवसाय, तेव्हा येथे तरी माझा उपयोग झाला. त्याचा पहिला मसुदा विनवणीचा होता, दुसरा धमकीचा. तिसरा आम्ही अगदी कोरडा केला. बिलाचा क्रमांक, तारीख, माल मिळाल्याची पोच. २००६ च्या अधिनियमानुसार मुदत कोणत्या दिवशी संपली. आजवरचे व्याज किती. एकशे ऐंशी दिवस कोणत्या तारखेस पूर्ण होतात, आणि त्या तारखेनंतर आपल्या लेखा विभागास कराची वजावट परत करावी लागेल, हे आपल्या निदर्शनास आणणे आम्हांस उचित वाटते. शेवटी : उपकरणांची देखभाल नेहमीप्रमाणे चालू राहील. हे शेवटचे वाक्य त्याचे. मी ते काढावे असे म्हणत होतो, त्याने ऐकले नाही. "दूध तर शेतकऱ्यांचं आहे, दादा," तो म्हणाला. पत्र खरेदी विभागाकडे न धाडता लेखा विभागाच्या प्रमुखांस धाडावे, ही सूचना वहिनीची, आणि सर्वांत उपयोगी तीच ठरली.

बँकेपुढेही त्याने दुसरा अर्ज ठेवला. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी केंद्र सरकार व सिडबी ह्यांनी २००० साली स्थापिलेला एक पत हमी निधी न्यास आहे. त्याच्या योजनेत बसणाऱ्या कर्जाला तारण किंवा तिऱ्हाइताचा जामीन लागत नाही. हमी न्यास देतो, त्यासाठी शुल्क घेतो. शाखेतील अधिकाऱ्यांनी ही योजना आपण होऊन सुचविली नव्हती. विचारल्यावर नाकारलीही नाही. ज्या वाचकांच्या घरी असा कागद येईल त्यांनी सहीपूर्वी हा प्रश्न अवश्य विचारावा.

मी दिल्लीस परतून आता पाच आठवडे झाले. पत्रानंतर सतराव्या दिवशी डेअरीकडून सहा लाख आले. उरलेले "पुढील पंधरवड्यात". व्याजाचा उल्लेख नाही. नवी ऑर्डरही अद्याप नाही. न्यासाच्या योजनेतील अर्जावर बँकेने आणखी दोन वर्षांचे कागद मागितले आहेत. पगार वेळेवर झाले. फळ्यावरचा आकडा आतेभाऊ आता आठवड्याला फोनवर सांगतो. परवा तो साडेपाच होता. हिशेबाला तो रात्री साडेदहाऐवजी नऊला बसतो आणि वहिनी वह्या तपासावयास त्याच टेबलावर असते, असेही त्याने सांगितले.

पहाटे साडेचारला उठणाऱ्या परदेशी गृहस्थांचा लेख अजून अर्धवट पडला आहे; तो पुढील अंकी देऊ. सही नसलेला जामिनाचा कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. आत्याचा फोन मात्र तेव्हापासून आलेला नाही. दिवाळी जवळ आली आहे. ह्या वेळी मीच करणार आहे.